अभ्यासिकेतली खुर्ची

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, आयुष्यात कधी खोटं बोललेले नाहीत. त्यांचं फक्त खरं बोलायचं राहून जातं. एकदा न्हाव्याने त्यांना विचारलं, "आणखी बारीक करू का?" भाऊजींना नको होतं, पण ते म्हणाले, "बघा." न्हाव्याने बघितलं. घरी आले तेव्हा ताईने त्यांना ओळखलं ते चपलांवरून. मी त्यांची एकुलती एक मेव्हणी, त्यामुळे त्यांची थट्टा करायचा मला हक्क आहे आणि तो मी पुरेपूर वसूल करते. पण आज जे सांगणार आहे त्यात माझा वाटा थोडा आहे. त्यातली मोठी थट्टा मोठमोठ्या लोकांनी केली, आणि तीही अगदी गंभीर चेहऱ्याने.

भाऊजी पूर्वी फर्निचरच्या दुकानात विक्रेते होते. चौकातलं मोठं दुकान, काचेमागे अख्खे दिवाणखाने मांडलेले. ज्याला बोलता येत नाही तो विकणार काय, असं मलाही वाटायचं. पण भाऊजी बोलून विकतच नसत. गिऱ्हाईक कुठे टेकतं, कुठे आखडतं, उठताना कोणत्या हातावर भार देतं हे ते बघत आणि मुकाट्याने दुसरी खुर्ची पुढे सरकवत. गिऱ्हाईक बसायचं, हुश्श करायचं आणि पावती करून घ्यायचं. हा माणूस तोंड उघडत नाही म्हणून माझं दुकान चालतंय, असं मालक सगळ्यांना सांगायचा.

ताई मुळातच ठेंगणी. आम्हा दोघींत उंचीची वाटणी झाली तेव्हा ती बहुतेक रांगेत नव्हती. ती टेलिफोन ऑफिसात कामाला होती. तिथल्या जिन्यावरून एकदा घसरली आणि पाठीवर आपटली. हाड मोडलं नाही, पण पाठ कायमची बिघडली. फार वेळ उभं राहिलं की कळ, आडवं झालं की कळ. खुर्चीत बसावं तर हिचे पाय जमिनीला पोचत नाहीत, लोंबकळतात, आणि लोंबकळले की कमरेतून अशी सणक निघते की तिचा चेहरा पांढराफटक पडतो. डॉक्टर म्हणाले, पाय टेकतील आणि पाठ ताठ राहील असं बसा. सांगायला त्यांचं काय जात होतं!

भाऊजी यावर काही बोलले नाहीत. त्यांच्या दुकानात एक जुनी खुर्ची बरीच वर्षं पडून होती. उंच पाठीची, रुंद हातांची, काळपट लाकडाची, बैठक वेताने विणलेली. कोणीतरी नवं फर्निचर घेताना ती बदल्यात टाकून गेलं होतं. भाऊजींनी ती घरी आणली. ताई ओट्याशी भांडी घासत उभी होती, तेव्हा मागून जाऊन त्यांनी तिच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत टेप लावली. ताई दचकून ओरडली, "अहो, काय चाललंय काय?" तर म्हणाले, "काही नाही." मग दुकानातल्या सुताराकडून करवत मागून आणली आणि स्वतःच्या हाताने खुर्चीचे चारही पाय कापले, कानसले, त्यांना पॉलिश केलं. ताई त्या खुर्चीत पहिल्यांदा बसली तेव्हा मी तिथे होते. तिचे दोन्ही तळवे जमिनीला टेकले. तिने डोळे मिटले. भाऊजी तिच्याकडे न बघता लाकडाचा भुसा झाडत राहिले. मला रडू आलं होतं. असा नवरा मिळायला भाग्य लागतं असं मला तेव्हा वाटलं, आणि पुढे जे झालं त्यानंतर मी ते मत कितीदा मागे घेतलं आणि कितीदा परत मांडलं त्याला गणती नाही.

पुढे दुकान बुडालं आणि भाऊजी घरी बसले. नेमकं तेव्हाच विचारवंतांच्या घराचं काम निघालं.

आमच्या शहरात एक विचारवंत होऊन गेले. ते नेमका काय विचार करत हे मला विचारू नका, शहरात कोणालाच विचारू नका. मोठ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे, शाळेला आहे, एका बागेलाही आहे. त्यांनी साधेपणावर जाडजाड ग्रंथ लिहिले आणि ते लिहायला त्यांना एवढं मोठं घर लागलं की आत माणूस हरवावा. त्यांच्यामागे वारसांनी सामान फुंकून टाकलं. मग तिथे गोदाम झालं, गोदाम गेल्यावर कबुतरं आली. शेवटी एक समिती जागी झाली. भिंती खरवडल्या, गिलावा केला, सडलेल्या तुळया काढून नव्या घातल्या आणि त्या जुन्या दिसाव्यात म्हणून त्यांना धुराचा रंग दिला. मूळ रंग कोणता यावर दोन गटांत एवढी हमरीतुमरी झाली की अर्धं घर एका रंगाचं आणि अर्धं दुसऱ्या रंगाचं झालं. घर असं लखलखीत झालं की खुद्द विचारवंत परत आले असते तर दारात पाय पुसून, परवानगी विचारून आत आले असते.

त्या घरात दालनसेवकाची जागा निघाली. काम एवढंच की दालनावर लक्ष ठेवायचं आणि कोणाला कशाला हात लावू द्यायचा नाही. न बोलणाऱ्या माणसाला याहून बरी नोकरी कुठली! भाऊजी अभ्यासिकेवर हंगामी लागले. पुढे कायम करू, असं त्यांना सांगितलं होतं.

उद्घाटन तोंडावर आलं आणि लक्षात आलं की अभ्यासिकेत टेबल आहे, दौत आहे, दिवा आहे, पण खुर्ची नाही. मग विचारवंत विचार करायला बसले कुठे? जुन्या संचालकांनी कपाळाला हात लावला. भाड्याने एक खुर्ची आणून पाहिली, तर विचारवंत केस कापून घ्यायला बसले आहेत असं वाटायला लागलं. तेव्हा आमचे भाऊजी, जे नको तिथेही गप्प असतात, ते नेमके बोलले. म्हणाले, "आमच्या घरी आहे एक. जुनी आहे."

"उद्घाटनापुरती द्या," संचालक म्हणाले.

"उद्घाटनापुरती," भाऊजींनी घरी येऊन ताईला सांगितलं.

ताई म्हणाली, "न्या. नोकरीचा प्रश्न आहे. तेवढे दिवस मी पलंगावर काढीन."

उद्घाटन झालं आणि त्याच महिन्यात जुने संचालक निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी निघून गेले. त्यांच्या जागी नव्या संचालकबाई आल्या. हुशार, टापटीप, गळ्यात साखळीचा चष्मा. बोलताना बोटांनी हवेत चौकटी काढायची त्यांना सवय होती. आल्या आल्या त्यांनी नियम केला, की दोराच्या आत जे आहे ते सगळं मूळ आणि दोराच्या बाहेर जे आहे ते सगळं नवीन. दोर म्हणजे प्रत्येक खोलीत पितळी खांबांना अडकवलेला लाल मखमली दोर. आमची खुर्ची दोराच्या आत होती. भाऊजी बाहेर होते.

भाऊजींनी तेव्हाच सांगायला हवं होतं. ते सांगणार होतेही, असं ते म्हणतात. त्यासाठी ते बाईंच्या खोलीत गेले. ते तोंड उघडायच्या आतच बाई म्हणाल्या, "तुम्हाला कायम करायचं मी मनावर घेतलंय हं." भाऊजी म्हणाले, "बरं." आणि बाहेर आले.

मग आले संशोधक. ते अभ्यासिकेत खुर्चीपुढे चक्क पालथे पडले. गालाने फरशी पुसत त्यांनी चारही पायांची मापं घेतली, पुन्हा घेतली, आणि उठले तेव्हा त्यांना धाप लागली होती. खुर्चीची बैठक नेहमीच्या खुर्चीपेक्षा पुष्कळच खाली होती. विचारवंतांचं एकच चित्र आजवर मिळालंय, तेही छातीपर्यंतचं. संशोधकांनी ते चित्र एकदा बघितलं, खुर्ची एकदा बघितली आणि म्हणाले, "ते बुटके होते!"

भाऊजी दाराशीच होते. त्यांच्या बाजूने एक सांगितलं पाहिजे, की त्या वेळी ते बोलले. म्हणाले, "पाय कापलेले असू शकतात."

संशोधक हसले. "अहो, विचारवंतांच्या खुर्चीचे पाय कोण कापेल?"

याचं उत्तर त्या खोलीत एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तो मूग गिळून उभा राहिला.

संशोधकांनी लेख लिहिला, व्याख्यानं दिली. विचारवंत जमिनीच्या जवळ होते म्हणूनच त्यांना साधेपणा सुचला, असा त्यांचा सिद्धांत. तो सगळ्यांना इतका पटला की घरालाच कात्री लागली. नव्याने करून घेतलेला पलंग दोन्ही बाजूंनी कापला. आरसा खाली आला, टोपीची खुंटी खाली आली, पलंगाशेजारचे बूट बदलून लहान ठेवले. विचारवंतांचा म्हणून मांडलेला कोट आखूड करायला माझ्याकडे आला, कारण मी शिवणकाम करते. "किती आखूड?" म्हणून विचारलं तर त्यांनी माप पाठवलं. ते माप मला पाठ होतं. ताईचे सगळे कपडे मीच शिवते. काम ते काम, मी दुमड घालून दिली आणि दिवसभर एकटीच हसत बसले. शहरात बुटक्या पोरांचे आईबाप मुलांना त्या घरात आणून सांगायला लागले, "बघ, उंचीवर काही नसतं." एका शाळेने तर सहलीला फक्त पुढच्या रांगेतली मुलं आणली.

या सगळ्याचा भाऊजींवर परिणाम झाला तो मात्र मला अपेक्षित नव्हता. एका संध्याकाळी चहा पिता पिता ते आपणहून म्हणाले, "बुटके होते, पण विचार केवढे मोठे!"

"भाऊजी," मी म्हटलं, "पाय तुम्ही कापलेत!"

"हळू बोल," ते म्हणाले. घरात आम्ही तिघंच होतो.

ताईचे हाल मात्र रोज वाढत होते. पलंगावर पाठ टेकून बसली की पंधरा मिनिटांत अवघडायची. पायांखाली डबा ठेवून पाहिला, उशा रचून पाहिल्या. भाऊजींनी स्वयंपाकघरातली खुर्ची कापायला घेतली, पण आता हाताला पूर्वीचा नेम नव्हता. एक पाय आखूड झाला म्हणून दुसरा कापला, दुसरा आखूड झाला म्हणून तिसरा, असं करता करता खुर्चीचा पाट झाला. शेवटी ताई भिंतीला पाठ लावून, उभ्या उभ्याच जेवायला लागली. "खुर्ची कधी आणताय?" असं ती विचारायची. भाऊजी म्हणायचे, "कायम झालो की सांगतो बाईंना." काही महिन्यांनी तिने विचारणं सोडून दिलं. भाऊजींना वाटलं, प्रश्न मिटला.

मला राहवेना. एका रविवारी मी ताईला म्हटलं, "चल, तिकीट काढून बघून तर येऊ." ती आधी नको म्हणाली आणि मग कपाटातून चांगले कपडे काढायला लागली.

आम्हा दहाबारा जणांना घेऊन एक मुलगी फिरवत होती. तिच्या हातात बारीक काठी आणि तोंडात पाठ केलेली वाक्यं. दिवाणखान्यात थोरामोठ्यांच्या भेटीगाठी व्हायच्या, असं तिने सांगितलं. जेवणघरात मेणाची फळं होती, त्यांतल्या एका सफरचंदावर कोणाचे तरी दात उमटले होते. स्वयंपाकघरापाशी ती म्हणाली, "इथे विचारवंत कधी आले नाहीत, त्यामुळे आपणही फार थांबणार नाही." निजायच्या खोलीत तो कापलेला पलंग होता. सगळे मान वेळावून बघत होते आणि 'किती साधे!' म्हणत होते. ताई पलंगाच्या कठड्याला टेकायला गेली, तर मुलीने काठी आडवी धरली.

"यांची बायको?" ताईने विचारलं.

"होती," मुलगी म्हणाली. "पण तशी काही माहिती उपलब्ध नाही."

"मग भाकरी कोण करायचं, हे तरी उपलब्ध आहे का?" मी विचारलं. मुलगी पुढच्या खोलीकडे वळली.

पुढची खोली अभ्यासिका. दाराशी भाऊजी, अंगात निळा कोट, छातीवर पितळी बिल्ला. आम्हाला बघून त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. दोराच्या पलीकडे, खिडकीच्या उजेडात ताईची खुर्ची होती. मुलीने काठीने उजवा हात दाखवला. "इथे लाकूड झिजलेलं दिसतं. विचारात गढले की ते इथे बोटांनी ठेका धरत."

तिथे ताई भाजी निवडताना पातेलं टेकवायची.

ताई खुर्चीकडे बघत राहिली. इतका वेळ उभं राहून तिची पाठ पार गळाठली होती. मला दिसलं, तिच्या ओठांवर घाम आला होता. ती जराशी झुकली आणि तोल सावरायला तिने तो मखमली दोर धरला. आणि भाऊजी, सवयीने, रोज शंभर जणांना म्हणतात त्याच आवाजात म्हणाले, "दोराला हात लावू नका."

ताईने हात काढला. माझ्या खांद्यावर ठेवला. आम्ही बाहेर आलो तेव्हा ती रडतही नव्हती, याचंच मला जास्त वाईट वाटलं. मला त्या क्षणी भाऊजींचा इतका राग आला होता की तो बिल्ला उपटून मेणाच्या सफरचंदात खुपसावा असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊजींना दारातच गाठलं. म्हटलं, "आज तुम्ही बाईंना सांगणार. आम्ही दोघी बरोबर येणार. नाही सांगितलंत तर मी सांगेन, आणि मी सांगितलं तर ते रस्त्यापर्यंत ऐकू जाईल." भाऊजी म्हणाले, "बरं." या खेपेला मी त्यांच्या बरंवर विसंबले नाही. मी त्यांच्या मागे चालत राहिले.

संचालकबाईंनी आम्हाला बसायला सांगितलं. ताई तेवढी उभीच राहिली. भाऊजी टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले, "बाई, ती खुर्ची आमची आहे. हिची आहे. पाय मी कापलेत."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. मग इतक्या प्रेमाने हसल्या की माझ्या अंगावर काटा आला. "किती छान वाटलं ऐकून! ही वस्तू आपलीच आहे असं माणसाला वाटावं, यासाठीच तर आपण हे घर उभं केलं."

"वाटतं नाही हो, आहे," मी म्हटलं.

"ताई, त्यावर संशोधन झालंय." बाई मलाच ताई म्हणाल्या. "आणि समजा, नुसतं समजा हं, तुमचं म्हणणं खरं धरलं. मग पलंगाचं काय? कोटाचं? शाळेच्या पुस्तकात धडा आलाय, त्याचं? एवढ्या मोठ्या माणसाची उंची आपण सारखी कमीजास्त नाही करू शकत."

मी बोलायला उठले, तेवढ्यात बाईंचं लक्ष ताईकडे गेलं. ताई भिंतीला पाठ लावून उभी होती. बाई खुर्चीवरून उठल्या, हवेत बोटांनी एक चौकट काढली आणि त्या चौकटीतून ताईला बघितलं. "तुम्ही... थांबा, अशाच उभ्या राहा."

मग सगळा उलगडा झाला. समितीला 'जिवंत इतिहास' सुरू करायचा होता. म्हणजे अभ्यासिकेत विचारवंतांच्या पत्नी बसलेल्या दिसायला हव्या होत्या. नाटकमंडळींतल्या कितीतरी बायका बोलावून पाहिल्या, पण घर कापल्यापासून त्यात कोणीच मावेना. जी बसेल तिचे गुडघे वर यायचे. "तुमची उंची अगदी त्या काळातली आहे," बाई ताईला म्हणाल्या. "बोलायचं काही नाही. त्या बोलत असत अशी माहिती उपलब्ध नाही. नुसतं बसायचं."

मी म्हटलं, "शरम नाही वाटत? तिचीच खुर्ची, आणि तिलाच..."

ताईने माझा हात दाबला. "बसायला तीच खुर्ची ना?" तिने विचारलं.

"तीच."

"किती वेळ?"

"घर उघडं असेल तेवढा वेळ."

"मग येते मी," ताई म्हणाली.

झालं. विचारवंतांच्या पत्नीचा पोशाखही मीच शिवला. लांब बाह्या, मानेपर्यंत बंद गळा, पुढे बटणांची रांग. मी मनातल्या मनात शिव्या देत शिवला, पण फिटिंग असं केलं की पाठीला कुठे दाब येऊ नये. रोज सकाळी नवरा-बायको दोघं बरोबर कामावर निघायचे. तिथे पोचल्यावर एक दोराच्या आत जायची आणि एक बाहेर राहायचा. लोक यायचे, कुजबुजायचे, "खरी आहे का गं?" "नाही गं, मेणाची असेल." एका म्हाताऱ्याने वाकून नमस्कार केला. ताई पापणीसुद्धा हलवायची नाही. पण तिचे पाय टेकलेले होते, पाठ टेकलेली होती, आणि पंधरवड्यात तिच्या चेहऱ्यावर पूर्वीची कांती आली. ती बसून जेवायला लागली. घरी नव्हे, तिथल्याच मधल्या सुट्टीत, दार लावून, अभ्यासिकेत.

एक दिवस पोशाखाचं बटण तुटलं म्हणून मी सुई-दोरा घेऊन गेले, तर ताई हळूच म्हणाली, "अगं, हे दिवसभर टेकतच नाहीत गं."

"कोण?"

"हे. मी इथून बघते ना. जेवतानासुद्धा दाराशी उभे असतात. दुपारनंतर डावा पाय बुटातून अर्धा बाहेर काढतात, सुजतो त्यांचा. मला कधी बोलले नाहीत."

मी बाईंना जाऊन विचारलं, तर त्या म्हणाल्या, दालनसेवकाला स्टूल देता येत नाही, कारण लोक तेही जुनं समजतात. इतकी वर्षं भाऊजींवर राग धरायचा सराव झाला होता माझा. त्या दिवशी मला तो नीट धरताच येईना.

मग समितीचे अध्यक्ष घर बघायला यायचे ठरले. हंगामी लोकांना कायम करायचं त्यांच्या हातात होतं. चार दिवस नुसती झाडझूड, पितळी खांब घासणं. बाईंनी भाऊजींना बजावलं, "तुमचं काम होणार आहे. फक्त सगळं सुरळीत होऊ दे." पोशाखाची दुमड उसवली म्हणून मलाही बोलावून घेतलं होतं, त्यामुळे मी अभ्यासिकेतच पडद्याशी उभी होते.

अध्यक्ष आले. धिप्पाड गृहस्थ, मागे पंधरावीस माणसं, त्यांत संशोधक, बाजूला फोटोवाला. अध्यक्षांना सगळंच आवडत होतं. मेणाचं सफरचंद आवडलं, पलंग आवडला, कबुतरांची शिल्लक राहिलेली घाणही त्यांना ऐतिहासिक वाटली. अभ्यासिकेत आले आणि खुर्चीसमोर थांबले.

फोटोवाला म्हणाला, "साहेब, एक फोटो विचारवंतांच्या खुर्चीत?"

"छे छे, नियम असतील," अध्यक्ष म्हणाले आणि कोटाची बटणं लावायला लागले.

संचालकबाईंनी स्वतःच्या हाताने दोराची कडी काढली. त्यांनीच केलेला नियम त्यांच्याच हातात लोंबत होता. "बाई, तुम्ही जरा उठता का?" त्या ताईला म्हणाल्या. "तिकडे खिडकीशी उभ्या राहा. पटकन."

ताईने खुर्चीच्या हातांवर भार दिला. इतका वेळ बसलेलं माणूस एकदम उठतं तेव्हा पाठीला सगळ्यात जास्त लागतं. तिच्या कपाळावर आठी उमटली.

"उठवू नका तिला," भाऊजी म्हणाले.

कोण बोललं ते आधी कोणाला कळलंच नाही. मलाही नाही. भाऊजी दाराकडून दोन पावलं पुढे आले.

"ती माझी बायको आहे. तिची पाठ दुखते. खुर्ची तिची आहे, मी आणलीये ती. पाय मी कापलेत, तिचे पाय टेकावेत म्हणून. इथे कोणी विचारवंत-बिचारवंत बसले नव्हते. इथे ही बसायची. मला आधीच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. तिला उभ्याने जेवावं लागलं आणि मी सांगितलं नाही."

मला वाटलं, गेली नोकरी. आणि खरं सांगते, मला त्याची काडीचीही पर्वा नव्हती. त्या माणसाला मी जन्मभर मुखदुर्बळ म्हणून हिणवत आले होते, आणि आता पुढे होऊन त्यांचे पाय धरावेत असं मला वाटत होतं.

अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढला. डोळे पुसले. आणि मोठमोठ्याने टाळ्या वाजवायला लागले.

"वा! वा! काय अभिनय!" ते म्हणाले. त्यांच्यामागची सगळी माणसं टाळ्या वाजवायला लागली. संशोधक माझ्या कानाशी म्हणाले, "लिहिलंय कोणी हे? पाय कापल्याची कल्पना अफलातून आहे." संचालकबाईंचा चेहरा आधी कागदासारखा झाला होता, तो क्षणात खुलला. "आमचा नवा प्रयोग आहे, साहेब," त्या म्हणाल्या.

"एक सामान्य माणूस थोरांच्या खुर्चीवर हक्क सांगतो! केवढा मोठा विचार," अध्यक्ष म्हणाले. मग विजार गुडघ्यांशी जराशी वर ओढून ते खुर्चीकडे निघाले.

ताई उठली. सावकाश, एकेक हात सोडत. अध्यक्षांना वाटलं, आपल्यासाठी उठली. ते हसून पुढे झाले. ताई त्यांच्या बाजूने सरळ पुढे गेली, भाऊजींचं कोपर धरलं आणि त्यांना खुर्चीपाशी आणलं.

"बसा," ती म्हणाली.

"अगं, मी..."

"बसा म्हणते ना. सकाळपासून उभे आहात."

विचारवंतांच्या पत्नी बोलल्याचं ते पहिलंच उदाहरण असावं. भाऊजी बसले. खुर्ची त्यांना फारच बुटकी, गुडघे छातीशी आले. ते रडत होते, आणि ताई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. ताठ नव्हती, वाकलेलीच होती, पण उभी होती. अध्यक्ष तसेच अर्धवट वाकून थांबले आणि मग फोटोवाल्याला म्हणाले, "घ्या, घ्या, हाच घ्या!"

भाऊजी दालनसेवक म्हणून कायम झाले नाहीत. ते कलाकार म्हणून पुन्हा हंगामी लागले. अध्यक्षांच्या आज्ञेने तो प्रसंग आता रोजच्या कार्यक्रमात आहे, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. भाऊजी सगळ्यांदेखत खरं सांगतात, लोक टाळ्या वाजवतात, ताई उठते आणि भाऊजींना बसवते. तेवढाच त्यांच्या पायाला आराम. विचारवंत अजून बुटकेच आहेत, धडाही पुस्तकात आहे.

परवा मी ताईच्या पोशाखाच्या बाह्या बदलत होते. म्हटलं, "रोज दोनदा तेच तेच ऐकून तुला कंटाळा नाही का येत गं?"

ताई म्हणाली, "कंटाळा कसला? दिवसातून दोनदा माझा नवरा चारचौघांत सांगतो, ही माझी बायको आहे म्हणून. तुझा सांगतो का?"

मी बाही उलटी करून टाके घालायला घेतले.